बंधित निधी, अबंधित निधी

साकोली, लाखांदूर किंवा पवनी तालुक्यातल्या कुठल्याही ग्रामसभेत बसा, 'टाइड' आणि 'अनटाइड' हे दोन शब्द कानावर पडतातच. टाइड म्हणजे बंधित निधी. तो कशावर खर्चायचा हे आधीच ठरलेलं असतं. अनटाइड म्हणजे अबंधित निधी. त्याचा खर्च गावानं आपली गरज पाहून ठरवायचा.

पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानात ६० टक्के बंधित आणि ४० टक्के अबंधित अशी विभागणी केली. समजा, एक लाख रुपये आले. त्यातले तीस हजार पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं यासाठी, तीस हजार स्वच्छतेसाठी. उरलेले चाळीस हजार अबंधित. त्यातून पथदिवे लावा, अंगणवाडी दुरुस्त करा. पगार आणि कार्यालयीन खर्च मात्र यातूनही करता येत नाही.

म्हणून पांदण रस्त्याला पैसे मागितले आणि सरपंच म्हणाले, "निधी आहे, पण बंधित आहे," तर ते टाळाटाळच करतात असं धरून चालू नका. पण तेवढ्यावर थांबूही नका. अबंधित किती आला, तो कुठं गेला, हे विचाराच. गावाचा आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतो. हा आराखडा ग्रामसभेत मंजूर होतो. धानाच्या रोवणीची घाई असली तरी घरातल्या एकानं तरी त्या दिवशी तिथं हजर राहावं, ही मनापासून विनंती.