श्वास आणि वायसर

माझ्यासारख्या माणसाला माइकसमोर बसवलं की तो कवितेवरच बोलणार, असं तुम्ही गृहीत धरलं असेल. आज मी बोलणार आहे ऑक्सिजनच्या सिलिंडरवर बसणाऱ्या पितळी जोडाविषयी, आणि त्याच्या आतल्या, जुन्या चार आण्यांच्या नाण्याएवढ्या वायसरविषयी.

कारण साधं आहे. नांदेड काय, लातूर काय, आता गल्लीगल्लीत एखादं तरी घर असं सापडतं, जिथे खाटेजवळ ऑक्सिजनचं यंत्र घरघरत असतं. जन्मभर चुलीचा धूर गिळलेल्या बायका, विडीने छाती पोखरलेले पुरुष. यंत्र हवेतून ऑक्सिजन वेगळा काढतं, पण त्याला वीज लागते आणि आपल्याकडची वीज आपल्याला ठाऊक आहे. म्हणून कोपऱ्यात एक सिलिंडर उभा असतो. वीज गेल्यावर, अंधारात, घाबऱ्या हातांनी तो जोडायची वेळ येते आणि तेव्हा सगळा भार त्या वायसरवर असतो.

आधी जोडाचं बघू. लहान सिलिंडरच्या मानेवर एक मुख्य छिद्र असतं आणि त्याखाली दोन बारीक खाचा. रेग्युलेटरच्या कडीत त्याच जागी दोन खिळे असतात. ऑक्सिजनचे खिळे एका ठरावीक अंतरावर, भूल देण्याच्या नायट्रस ऑक्साइडचे दुसऱ्या अंतरावर. म्हणजे चुकीचा वायू रुग्णाच्या नाकापर्यंत पोचूच नये, अशी ती कुलूप-किल्ली आहे. मोठ्या, पुरुषभर उंचीच्या सिलिंडरला मात्र खाचा नसतात. तिथे आटे असतात आणि नट पान्याने आवळावा लागतो. एकाचा रेग्युलेटर दुसऱ्याला बसत नाही. मग माणूस बाजारात ॲडॅप्टर शोधतो.

२०२१ च्या एप्रिलमध्ये हा शोध साऱ्या महाराष्ट्राने घेतला. केंद्र सरकारने मोजके अपवाद सोडून उद्योगांचा ऑक्सिजन रुग्णालयांकडे वळवला होता. नांदेडच्या विष्णुपुरीपासून लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत एकच विषय होता, खाट आणि ऑक्सिजन. मिळेल तो सिलिंडर, मिळेल तो रेग्युलेटर. त्याच महिन्याच्या २१ तारखेला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागली, पुरवठा तुटला आणि वीसहून अधिक रुग्ण गेले. टाकी मोठी असो की घरातला सिलिंडर लहान, वायू सुटतो तो जोडातूनच.

तेव्हा काही घरांत वेल्डिंगच्या दुकानातला रेग्युलेटरही आला. मोठ्या सिलिंडरवर तो कित्येकदा बसतोसुद्धा. पण बसला म्हणजे चालला असं नव्हे. वेल्डरला दाब हवा असतो, रुग्णाला मिनिटाला किती लिटर ते हवं असतं, आणि ते त्या घड्याळात दिसतच नाही. शिवाय दुकानातल्या हातांना तेल लागलेलं असतं. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन यांची गाठ पडली तर ठिणगीवाचूनही पेट घेऊ शकतो. म्हणून आटे जड जातात म्हणून खोबरेल लावू नका, ग्रीस नको, व्हॅसलीनचा हात नको. आपल्याकडे कुरकुरणाऱ्या प्रत्येक वस्तूला तेल पाजायची सवय आहे. इथे ती जिवावर बेतते.

ॲडॅप्टरबद्दल माझं मत स्पष्ट आहे: शक्यतो घेऊच नये. तो ओढूनताणून जुळवलेल्या यमकासारखा असतो. एका जोडाचे दोन होतात, गळायला दुसरी जागा मिळते आणि रेग्युलेटरचं वजन लांब लोंबकळतं. ज्या जातीचा सिलिंडर नेहमी मिळणार, त्याच जातीचा वैद्यकीय रेग्युलेटर घ्यावा. आणि खिळे जुळत नाहीत म्हणून ते कापणं किंवा दोन वायसर एकावर एक ठेवून कडी आवळणं, हे तर कधीच नको. दोन वायसरांनी खिळे खाचेपर्यंत पोचत नाहीत आणि ती कुलूप-किल्ली फुकट जाते.

आमच्या भागातली मुलं हल्ली सुटीत मालवण-तारकर्लीला जाऊन समुद्राखाली बुडी मारून येतात. त्यांच्या पाठीवरच्या सिलिंडरमध्ये नुसती दाबलेली हवा असते, पण जोडाची गोष्ट तीच: एक कडीचा प्रकार, एक आट्यांचा आणि मध्ये रबरी रिंग. पाणबुडे जादा रिंगा जवळ ठेवतात. आपण खाटेजवळ का ठेवू नयेत?

आता जोडताना. सिलिंडर साखळीने किंवा दोरीने भिंतीशी बांधलेला हवा. तोंडासमोर उभं न राहता, बाजूला होऊन, चावीने क्षणभर उघडून लगेच बंद करा. तोंडातली धूळ उडून जाते. वायसर तडकलेला नाही ना ते पाहा, मग जोड बसवा. चावी हळूहळू फिरवा. प्रवाहाची कळ शून्यावर ठेवून सिलिंडर पुन्हा बंद करा आणि दोन-तीन मिनिटं काट्याकडे बघत बसा. काटा घसरला तर कुठेतरी गळतंय. साबणाचा फेस लावू नका, साबणात स्निग्ध पदार्थ असतात.

काटा वाचायला घरातल्या दोघांना तरी यायला हवं. आमच्या अम्मींसाठी सिलिंडर आणला तेव्हा हिशेब मी दारामागे खडूने लिहून ठेवला होता. मध्यम सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर वायू, काटा दीडशेवर. काटा पंचाहत्तरवर आला की उरले साडेसातशे. मिनिटाला दोन लिटर लागत असतील तर सव्वासहा तास. लिटर किती, ते मात्र डॉक्टरांनीच ठरवायचं. जुनाट दम्याच्या काही रुग्णांना जास्त ऑक्सिजनही अपाय करतो. बाटलीतलं पाणी उकळून गार केलेलं, रोज बदललेलं. आणि चूल, शेगडी, उदबत्ती, विडी दहा फूट लांब.

वीज आली की आधी सिलिंडरची चावी बंद करायची, नळीतला उरलेला वायू जाऊ द्यायचा, काटा शून्यावर आला की कळ बंद करून मगच जोड सोडायचा. सिलिंडर पार रिकामा करू नका, थोडा दाब राहू द्या, म्हणजे आत दमट हवा शिरत नाही. आणि जोड सोडल्यावर वायसर कुठे आहे ते बघा. पुष्कळदा तो सिलिंडरच्या तोंडालाच चिकटून राहतो, भरायला जातो आणि परत येत नाही. दोन नवे वायसर पाकिटात घालून चावीशेजारी खिळ्याला टांगून ठेवा.