चेहऱ्यातलं काय ठेवायचं?



बक्षीस मिळवणाऱ्या सगळ्या विद्यार्थ्यांचं मनापासून अभिनंदन. तुमच्या चित्रप्रदर्शनातली व्यक्तिचित्रं पाहताना ‘अगदी हुबेहूब!’ ही दाद सारखी कानावर येत होती. ती मोलाचीच आहे. आज मात्र हुबेहूबपणाच्या पुढच्या मुक्कामाविषयी बोलतो.

२६ एप्रिल १९३७ रोजी स्पेनमधल्या गेर्निका गावावर बॉम्ब पडले. चित्रकार पिकासोनं त्यावर भिंतभर चित्र रंगवलं, तरी दुःख सरेना. पुढे कित्येक महिने तो रडणाऱ्या स्त्रियांचे चेहरे काढत राहिला. त्यातलं एक लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. चेहरा हिरवा-पिवळा, तोंडाशी धरलेला रुमाल काचेच्या तुकड्यांसारखा टोकदार. दात, बोटं, रुमाल सगळं एकमेकांत घुसलेलं. डोळे पुसायचा रुमालच टोचतोय, असं वाटतं. हुंदका असा रेषेत उतरतो.

त्याच काळात जर्मनीतल्या विस्बाडेनमध्ये अलेक्सेई याव्हलेन्स्की हा रशियन चित्रकार लहान लहान कागदांवर चेहरे रंगवत होता. संधिवातानं हात आखडलेले. ब्रश दोन्ही हातांनी धरावा लागे. नाझी राजवटीनं त्याच्या प्रदर्शनांवर बंदी घातली होती. अशा दिवसांत त्यानं चेहऱ्यात ठेवलं काय? नाकाची एक उभी रेघ, भुवया-डोळे-ओठांच्या आडव्या रेघा आणि आतून उजळणारे गडद रंग. चेहरा कुणाचा ते कळत नाही, पण त्याची प्रार्थना जाणवते.

एकानं चेहरा मोडला, दुसऱ्यानं त्यातलं जवळजवळ सगळं वगळलं. काय मोडायचं, काय वगळायचं, हे मनातल्या भावनेनं ठरवलं. आणि दोघांनीही आधी रीतसर चित्रकला शिकून हात तयार केला होता, हे विसरू नका.

म्हणून एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांचा सराव नेटानं करा. सोबत एक वही स्वतःसाठी ठेवा. रुसलेल्या मित्राचा, दमून आलेल्या आईचा चेहरा काढताना आधी ठरवा, मला इथं नेमकं काय जाणवलं? मग ती रेघ जाड हवी की तुटक, रंग तापलेला हवा की विझलेला, हे तुमचं तुम्हालाच सुचेल.

पालकांना विनंती, मुलानं असं चित्र पुढे केलं, तर ‘हे कोण?’ असं लगेच विचारू नका. थोडा वेळ नुसतं बघा आणि मग त्यालाच बोलू द्या. मनातलं सांगायला मुलांना शब्द सापडत नाहीत, तेव्हा रंग त्यांच्या मदतीला येतात. ती वाट त्यांच्यासाठी मोकळी ठेवणं, हे आपलं काम आहे.