टाकी आधी, कासव नंतर



पाळीव प्राण्यांच्या दुकानांत कासवाचं एक पिल्लू हमखास दिसतं. हिरवीगार पाठ, डोळ्यामागे लाल पट्टा, लांबी जेमतेम तीन-चार सेंटिमीटर. कुणी ते मुलाच्या वाढदिवसाला नेतं, कुणी घरात कासव असलं की भरभराट होते म्हणून नेतं. सोबत एक पसरट प्लास्टिकचं भांडं मिळतं, त्यात खोटं नारळाचं झाड असतं, आणि दुकानदार सांगतो, ‘याला काही लागत नाही.’ या कासवाला खरोखर काय काय लागतं, ते आज मला सांगायचं आहे. प्राण्यांवर उपचार करताना जी आजारी कासवं मी पाहतो, त्यांतल्या बहुतेकांच्या दुखण्याचं मूळ त्यांच्या राहण्याच्या जागेत असतं.

या कासवाचं नाव रेड-इअर्ड स्लायडर. ते मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. संथ पाणी, पाण्यात आडवे पडलेले ओंडके आणि भरपूर ऊन, अशा ठिकाणी ते राहतं. मादी वाढून 25 ते 30 सेंटिमीटरची होते, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढी. नर तिच्याहून लहान राहतो. नीट सांभाळलं तर हे कासव 30 वर्षं जगू शकतं. आज पाचवीतल्या मुलीसाठी आणलेलं पिल्लू ती चाळिशीला आली तरी घरात असू शकतं, आणि त्याची टाकीही तितकीच वर्षं चालवावी लागते.

पुढे जाण्याआधी कायद्याची गोष्ट स्पष्ट सांगतो. आपल्या विहिरींत, तळ्यांत, नद्यांत आढळणारी देशी कासवं, तसंच पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं जमिनीवरचं स्टार कासव, ही सगळी 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ती पकडणं, विकणं, विकत घेणं, घरात ठेवणं हा गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. कुणी असं कासव विकायला आणलं तर वनविभागाला कळवा. आजचं माझं बोलणं फक्त स्लायडरपुरतं आहे.

आता टाकी. आकाराचा हिशेब सोपा आहे. कासवाच्या पाठीच्या दर अडीच सेंटिमीटर लांबीमागे सुमारे 40 लिटर पाणी हवं. पूर्ण वाढलेल्या 25 सेंटिमीटरच्या मादीला त्यामुळे 400 लिटर पाणी लागतं. पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकीत दीड फूट पाणी भरलं की साधारण तेवढं होतं. पाण्याची खोली पाठीच्या लांबीच्या दीडपट ते दुप्पट असावी. स्लायडर पट्टीचा पोहणारा आहे. चार बोटं पाण्यात त्याला नुसतं सरपटावं लागतं, आणि उलटा पडला तर सरळ होता येत नाही.

एवढ्या टाकीचं वजन काच आणि पाणी मिळून पाचशे किलोच्या पुढे जातं. म्हणून ती बाल्कनीच्या पुढे आलेल्या स्लॅबवर ठेवू नका. बीमच्या वर, भक्कम भिंतीला लागून, लोखंडी स्टँडवर ठेवा. तळाच्या काचेवर एका ठिकाणी दाब येऊ नये, ती कुठे अधांतरी राहू नये, यासाठी खाली थर्मोकोलचा जाड ताव घाला. आणि टाकी काचेचीच असली पाहिजे असं नाही. बाजारात मिळणारा मोठा, जाड प्लास्टिकचा टब कासवाला तितकाच चालतो आणि खर्च कितीतरी कमी होतो. वाचलेले पैसे फिल्टरवर आणि दिव्यावर घाला.

तळाशी रंगीत बारीक खडे टाकायचा मोह होतो. तो आवरा. कासव ते गिळतं आणि आतडं तुंबतं. तळ मोकळा ठेवा, नाहीतर कासवाच्या डोक्याहून मोठे गुळगुळीत नदीचे गोटे टाका.

टाकीतली सर्वांत महत्त्वाची जागा मात्र पाण्याबाहेर असते. स्लायडर थंड रक्ताचा प्राणी आहे, शरीराची ऊब तो बाहेरून घेतो. त्यासाठी त्याला पूर्णपणे कोरडं होता येईल असं मचाण लागतं. पीव्हीसीचे पाइप आणि वर प्लास्टिकची जाळी, एवढ्यात ते घरी बनतं. एका बाजूने उतार पाण्यात सोडावा, तो खरखरीत असावा, म्हणजे नखं रुततात. सगळं वजन एका कडेला आलं तरी मचाण कलंडता कामा नये. टाकीचा काठ मचाणावरून पंजा पोचेल इतका जवळ असेल तर वर तारेची जाळी बसवा, कारण मोठं कासव सहज बाहेर चढून येतं.

मचाणावर दोन दिवे हवेत. एक उबेचा. त्यासाठी साधा पिवळा किंवा हॅलोजन बल्ब चालतो. त्याच्याखाली मचाणाचं तापमान 30 ते 35 अंश सेल्सिअस ठेवायचं, आणि पाण्याचं 24 ते 27. अंदाजावर जाऊ नका, मचाणाला आणि पाण्याला वेगवेगळे थर्मामीटर लावा. दुसरा दिवा यूव्हीबीचा, म्हणजे सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांपैकी ठरावीक किरण देणारा. हे किरण कातडीवर पडले की कासवाच्या शरीरात ड-3 जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याच्या आधारे खाण्यातलं कॅल्शियम हाडांत आणि कवचात जातं. किरण नाहीत तर कॅल्शियम कितीही खाऊ घाला, अंगी लागत नाही.

असं किरणांविना वाढलेलं कासव एकदा हातात घेतलं की विसरता येत नाही. पाठीची कडा बोटाने हलकेच दाबली तर ती आत जाते. जी टणक असायला हवी ती ओल्या पुठ्ठ्यासारखी वाकते. पाय शरीराचं वजन पेलत नाहीत. वाढीच्या वयात असं झालं की कवच वेडंवाकडं होतं आणि ते पुढे कधीच पूर्ण सरळ होत नाही. हे दुखणं टाळणं आपल्याच हातात आहे, म्हणून त्याबद्दल मला इतकं तळमळीने सांगावंसं वाटतं.

यूव्हीबीच्या दिव्याचे नियम नीट ध्यानात घ्या. दिवा साधारण एका फुटावर असावा, नेमकं अंतर त्याच्या खोक्यावर दिलेलं असतं. मध्ये काच किंवा प्लास्टिकचं झाकण नको, त्यातून हे किरण पार होत नाहीत. दोन्ही दिवे रोज 10 ते 12 तास सुरू ठेवा, रात्री अंधार करा. यूव्हीबीचा दिवा वर्षभरात बदला. डोळ्याला तो पूर्वीसारखाच लख्ख दिसतो, पण त्यातले कामाचे किरण संपत आलेले असतात.

दिव्याहून उत्तम गोष्ट आपल्याकडे फुकट मिळते. सकाळचं कोवळं ऊन. गच्चीत किंवा बाल्कनीत एका टबात थोडं पाणी घ्या, अर्ध्या टबावर सावली करा, आणि कासवाला तिथे अर्धा तास ठेवा. शेजारी बसून राहा, कारण कावळा, घार, मांजर यांचं लक्ष असतं. बंद खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही. काचेची टाकीच उचलून उन्हात ठेवणं तर घातक, पाणी बघता बघता तापतं. निरोगी कासव ऊन कसं खातं ते एकदा जवळून बघा. मान पूर्ण बाहेर, मागचे पाय सरळ मागे ताणलेले, बोटं पसरून त्यांच्यामधला पडदा उन्हाला दिलेला. वाढत्या कासवाच्या पाठीवरून याच काळात अभ्रकासारखे पातळ, पारदर्शक पापुद्रे सुटतात. ते ओढून काढू नयेत, आपोआप गळतात.

हीटर लागतो का, असं नेहमी विचारतात. मुंबईत आणि कोकणात फारसा लागत नाही. पुणे, नाशिक, नागपूर इथे डिसेंबर-जानेवारीत रात्री पाणी 20 अंशांच्या खाली जातं. तिथे लागतो, आणि कासवाच्या धडकेने फुटू नये म्हणून त्याला बाहेरून जाळीचं आवरण हवं. पाणी फार गार झालं की कासव खात नाही, खाल्लेलं पचत नाही. ‘झोपलंय, झोपू दे’ म्हणून तसंच सोडू नका. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात प्रश्न उलटा असतो. तिथे पाणी 30 अंशांच्या वर जाऊ नये म्हणून टाकी घरातल्या सर्वांत गार भिंतीला असावी.

आता पाणी स्वच्छ ठेवण्याबद्दल. कासव पाण्यातच खातं, कारण बाहेर त्याला घास गिळता येत नाही, आणि घाणही पाण्यातच करतं. त्या घाणीतून अमोनिया तयार होतो. तो दिसत नाही, पण डोळे आणि कातडी जाळतो. फिल्टरमधल्या स्पंजवर हळूहळू काही जिवाणू वस्तीला येतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात, आणि दुसरे जिवाणू त्याचं बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करतात. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून टाकी आधी भरा, फिल्टर सुरू करा, रोज चिमूटभर खाद्य टाकून जिवाणूंना काम द्या, अमोनिया तपासायच्या किटने पाणी बघत राहा, आणि अमोनिया व नायट्राइट शून्यावर आले की मग कासव आणा.

फिल्टर घेताना माशांचा हिशेब चालत नाही. 400 लिटर पाण्याला 800 ते 1200 लिटरच्या टाकीसाठी विकला जाणारा, टाकीबाहेर बसणारा कॅनिस्टर फिल्टर घ्या. त्यातला स्पंज नळाखाली धुऊ नका, नळाच्या पाण्यातलं क्लोरिन जिवाणू मारतं. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात तो पिळा. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला, आणि नवं पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवून मगच घाला. काढलेलं पाणी फुलझाडांना उत्तम खत आहे. कोथिंबीर-पुदिन्यासारख्या कच्च्या खायच्या पाल्याला मात्र ते घालू नका.

त्याचं कारण साल्मोनेला. हे जिवाणू धडधाकट कासवाच्या अंगावरही असतात आणि माणसाला जुलाब, ताप आणतात. लहान मुलं आजारी पडू लागली म्हणून अमेरिकेने 1975 साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. पाच वर्षांखालच्या मुलांना कासव हाताळू देऊ नका. टाकीचं सामान स्वयंपाकघरातल्या मोरीत धुऊ नका. प्रत्येक वेळी साबणाने हात धुवा. विजेचीही काळजी घ्या. वायरला टाकीच्या बाजूला खाली झोल द्या, म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटपर्यंत न जाता झोलातून खाली ठिबकेल. घरात ईएलसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, बसवलेला असावा.

खाण्याबद्दल थोडक्यात. पिल्लाला रोज, मोठ्याला एक दिवसाआड. दुकानातल्या सुक्या कोळंबीवर कासव जगवू नका. त्याने अ जीवनसत्त्व कमी पडून डोळे सुजतात. कासवाचं चांगलं तयार खाद्य द्या, आणि वय वाढेल तसा पाला वाढवा. पाण्यावरची टिकली, जलपर्णीची कोवळी पानं ते आवडीने खातं. पालक टाळा. पाण्यात समुद्रफेनाचा तुकडा तरंगत ठेवा, कासव तो कुरतडतं आणि कॅल्शियम मिळतं. कासव एका कुशीवर कलून पोहू लागलं, नाकातून फुगे येऊ लागले, तोंड उघडं ठेवू लागलं तर फुप्फुसाला त्रास आहे असं समजा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि एक कळकळीची विनंती. सांभाळणं जमत नाही म्हणून कासव तलावात, नदीत, देवळाच्या कुंडात सोडू नका. त्यात पुण्य नाही. जगातल्या 100 सर्वांत घातक परकीय आक्रमक प्रजातींची यादी निसर्ग-संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाने केली, तीत स्लायडर आहे. युरोपीय संघाने त्याची आयात 1997 साली थांबवली. सोडलेला स्लायडर आपल्या देशी कासवांचं अन्न खातो आणि ऊन खायच्या त्यांच्या जागा बळकावतो. नाइलाज झाला तर प्राणी सोडवणाऱ्या संस्थेकडे किंवा प्राण्यांच्या डॉक्टरकडे चौकशी करा.

ज्यांच्या घरी आज भांड्यात पिल्लू आहे, त्यांनी उद्या सकाळी त्याला ऊन द्यावं, येत्या आठवड्यात मोठा टब आणि मचाण करावं, महिन्याभरात फिल्टर आणि यूव्हीबी दिवा लावावा. आणि ज्यांनी अजून काही घेतलेलं नाही, पण कासव पाळायची मनापासून हौस आहे, त्यांना माझं सांगणं वेगळं आहे. पिल्लू विकत घेऊ नका. लोकांनी हौसेने आणलेली आणि आता ताटाएवढी झालेली कितीतरी कासवं घर शोधत आहेत. तुमची 400 लिटरची टाकी तयार झाली, पाणी बसलं, दिवे लागले, की त्यांतलं एक घरी आणा.