रुग्णवाहिका : व्यवसाय आणि वाजवी दर



रुग्णवाहिका म्हटली की भोंगा आणि धावपळ डोळ्यांपुढे येते. महाराष्ट्रात आपत्काळासाठी २०१४पासून १०८ क्रमांकाची विनामूल्य सेवा आहे. नव्या उद्योजक तरुणाचे क्षेत्र निराळे. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, म्हणजे जाऊन-येऊन सहा फेऱ्या. मांडीचे हाड मोडलेल्या आजींना तिसऱ्या मजल्यावरून उतरवायचे आहे आणि मुले परदेशी. त्या घरी कोणी धावायचे? येथे व्हेंटिलेटरची महागडी गाडी लागत नाही. एआयएस-१२५ या मानकात रुग्णवाहतुकीच्या गाडीचा स्वतंत्र ‘बी’ प्रकार आहे. मदतनीस मात्र शिकवून तयार केलेले हवेत. अरुंद जिन्यात स्ट्रेचर वळवणे येरागबाळ्याचे काम नव्हे.

खरी कसोटी पैशाची. २०२०च्या महामारीत अडलेल्या नातलगांची इतकी लूट झाली की, वाजवी दर ठरवा, असे सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावे लागले. समाजाने मान खाली घालावी अशीच ही गोष्ट. याच मुंबईत २००५मध्ये सुरू झालेल्या १२९८ सेवेने खासगी रुग्णालयात जाणाऱ्याकडून पूर्ण, तर सरकारी रुग्णालयात जाणाऱ्याकडून कमी आकार घेण्याची पद्धत ठेवली होती. व्यवसाय करणाऱ्याने नफा जरूर घ्यावा. पण दर गाडीच्या दारावर लिहावा, रिकाम्या परतीचे भाडे त्यातच धरावे आणि रुग्णाला उचलण्यापूर्वी आकडा सांगावा.