बाळाची साखरझोप : घराची आणि गावाची जबाबदारी



विकासाची चर्चा निघाली की रस्ते, पाणी आणि बी-बियाणे यांचा विचार प्रथम होतो. घोटीत तर तो होणे स्वाभाविकच आहे. भातशेती, तांदळाच्या गिरण्या, मुंबई-नाशिक मार्ग आणि रेल्वे यांमुळे इगतपुरी तालुक्यातील ही बाजारपेठ भल्या पहाटे जागी होते. परंतु तिच्याही आधी जागे होणारे कोणी असेल, तर ते घराघरांतील तान्हे बाळ. चार-साडेचारला उठून हातपाय हलवू लागणारे मूल हा वरवर पाहता घरगुती प्रश्न वाटतो. ज्या मातेला दिवसभर आवणीच्या चिखलात वाकून काम करावयाचे आहे, तिच्या दृष्टीने मात्र तो आरोग्याचा प्रश्न आहे.

प्रथम हे समजून घेतले पाहिजे की, बाळ लवकर उठते म्हणजे त्याची झोप अपुरी होते असे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार पहिल्या तीन महिन्यांत १४ ते १७ तास, चार ते अकरा महिन्यांच्या बाळास १२ ते १६ तास आणि एक ते दोन वर्षांच्या मुलास ११ ते १४ तास झोप आवश्यक असते. यात दिवसाची झोपही धरलेली आहे. सायंकाळी सातला निजलेले मूल पहाटे पाचला हसतमुखाने उठत असेल, तर त्यात काळजीचे कारण नाही. ते किरकिरे असेल व दिवसभर पेंगत असेल, तर मात्र कारण शोधावयास हवे.

रात्रीच्या उत्तरार्धात झोप सावध होते. अशा वेळी ओला लंगोट, पहाटेचा गारठा, डास, चोंदलेले नाक किंवा भांड्यांचा आवाज एवढेही पुरेसे होते. घोटीत उन्हाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, तर जानेवारीत सात वाजून गेल्यावर. म्हणजे ऋतूनुसार उजाडण्याच्या वेळेत तासाभराहून अधिक फरक पडतो. प्रकाश हा शरीराच्या घड्याळाचा चालक असल्यामुळे पूर्वेच्या खिडकीस जाड पडदा किंवा गोणपाट लावणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. त्याचबरोबर सकाळ उजाडल्यानंतर बाळास मोकळ्या उजेडात न्यावे. दिवस व रात्र यांतील भेद त्याच्या शरीराला त्यातूनच उमगतो.

उशिरा निजविल्यास मूल उशिरा उठेल, हा समज अनेकदा फसवा ठरतो. अतिशय थकलेले मूल अस्वस्थ झोपते आणि लवकरच जागे होते. म्हणून निजण्याची वेळ रोज पंधरा मिनिटांनी अलीकडे आणून पाहावी. मोठ्या मुलाची दिवेलागणीच्या सुमाराची लांब झोप आटोपती करावी. पहाटे ते उठलेच, तर दिवा न लावता, त्याच्याशी न खेळता, हळूच थोपटावे. धूर आणि उजेड असलेल्या चुलीपाशी त्याला नेऊ नये. सहा महिन्यांच्या आतील बाळास रात्रीही भूक लागते. त्याचे अंगावरचे दूध झोपेसाठी कदापि तोडू नये. सहा महिन्यांनंतर संध्याकाळी मऊ वरणभात किंवा नाचणीची पेज द्यावी. चहा देऊ नये. बाळास नेहमी पाठीवर, सपाट अंथरुणावर निजवावे आणि गोधडी तोंडावर येऊ देऊ नये.

या संदर्भात एका जुन्या अनुभवाचे स्मरण उपयुक्त ठरेल. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या कापड गिरण्यांत राबणाऱ्या अनेक स्त्रिया कामावर जाताना बाळाला अफूची ‘बाळगोळी’ देत असत. बाळ निपचित पडून राही. परंतु अफूने श्वास मंदावतो आणि भूक मरते. १९२९ मध्ये नेमलेल्या कामगारविषयक रॉयल कमिशनने या प्रथेची दखल घेतली आणि पाळणाघरांची शिफारस केली. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने मोठ्या संख्येने स्त्रिया काम करीत असलेल्या कारखान्यांना पाळणाघर बंधनकारक केले. त्या माता निष्ठुर नव्हत्या. त्यांना दुसरा आधार नव्हता. गोळीला खरे उत्तर मिळाले ते व्यवस्थेतून. आजही गुंगी आणणारे कोणतेही औषध किंवा अनोळखी गुटी बाळाला देणे तितकेच घातक आहे.

मार्गदर्शनासाठी दूर जाण्याचे कारण नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बालकांच्या घरोघरी सेवेची पद्धत सिद्ध केली. २०११ पासून ती देशभर आशा कार्यकर्तींमार्फत राबविण्यात आली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांनी भेट द्यावी, अशी तिची आखणी आहे. या भेटीत झोपेविषयीही मोकळेपणाने विचारावे. ताप, दूध न पिणे, जलद श्वास, छाती आत ओढली जाणे किंवा अतिसुस्ती दिसल्यास मात्र विलंब न लावता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

सर्वांत मोठा उपाय मात्र घरातच आहे. माता रात्री तीनदा उठलेली असते आणि पहाटेचे पाणी, चूल व भाकरीही तिच्याच वाट्याला येते. बाळ चारला उठले, तर दूध पाजून झाल्यावर ते वडिलांनी किंवा आजोबांनी घ्यावे. मातेला आणखी तासभर निजू द्यावे. शिक्षकांनी हा विचार पालकसभेत मांडावा. पंचायत सदस्यांनी आवणीच्या दिवसांत अंगणवाडीच्या वेळा आणि शेतावर जाणाऱ्या मातांच्या मुलांची सोय यांकडे लक्ष पुरवावे. बाळाची साखरझोप कदाचित लगेच लांबणार नाही. परंतु त्याच्या मातेची झोप लांबविणे हे आजपासूनच आपल्या हाती आहे.