खाणीवरची गोगलगाय



माझ्या मेजावर एक दगड आहे. आकारानें लिंबाएवढा, रंगानें करडा, आणि त्यांत गोगलगायीचें एक कवच रुतून बसलेलें. माझा एक जुना विद्यार्थी वर्धा नदीच्या खोऱ्यांतील एका कोळशाच्या खाणीवर नोकरीस आहे. गेल्या दिवाळींत तो भेटीस आला, तेव्हां हा दगड त्यानें माझ्यापुढें ठेविला व विचारलें, "गुरुजी, ही किती जुनी असेल?" मीं क्षणाचाही विलंब न लावतां सांगितलें, "कोळशाइतकी. पंचवीस कोटी वर्षांहून अधिक." दगड माझ्यापाशीं ठेवून तो आनंदानें परत गेला, आणि वसाहतीच्या शाळेंतील मुलांना त्यानें तेंच सांगितलें. माझें उत्तर चुकलें होतें. तें कसें चुकलें, तेंच आज सांगावयाचें आहे.

खाणीवर एखादें वेटोळें हातीं आलें म्हणजे पहिला प्रश्न असा कीं, ही गोगलगाय तरी आहे काय? इंग्लंड व कॅनडा येथील कोळशाच्या थरांत वनस्पतींच्या अवशेषांवर आणि शिंपल्यांवर मोहरीच्या दाण्याएवढीं वेटोळीं चिकटलेलीं आढळतात. तीं स्पायरॉर्बिस नांवाच्या नळींत राहणाऱ्या किड्याचीं घरें, अशी दीर्घकाळ समजूत होती. २००६ सालीं टेलर आणि व्हिन या संशोधकांनीं कवचाच्या सूक्ष्म रचनेवरून दाखविलें कीं, हे प्राणी ते किडेही नव्हत. मायक्रोकाँकिड नांवाचा, आतां नामशेष झालेला तो निराळाच गट होय. त्याची साधी खूण अशी कीं, वेटोळ्याची एक बाजू चपटी असते. कारण तो प्राणी आधाराला कायमचा चिकटून राही. गोगलगाय सामान्यतः चालती फिरती; तिच्या कवचाला तशी बाजू नसते.

दुसरा प्रश्न, ती राहत होती कोठें? समुद्रांत, गोड्या पाण्यांत, कीं जमिनीवर? कॅनडांतील नोव्हा स्कोशिया प्रांतांत जॉगिन्स येथें समुद्रकांठच्या कड्यांत सुमारें एकतीस कोटी वर्षांपूर्वींच्या जंगलाचीं झाडें उभींच दगड झालेलीं आहेत. तेथें १८५२ सालीं चार्ल्स लायेल आणि विल्यम डॉसन यांस एका पोकळ खोडाच्या आंत चतुष्पाद प्राण्याचीं हाडें सांपडलीं, आणि त्यांच्या सोबत एक चिमुकलें कवच. तें लांबट, फुलपांखराच्या कोशासारखें. हल्लींच्या भूचर गोगलगायींच्या एका जातीशीं त्याचें रूप मिळत होतें. आणि तें सांपडलें तेंही झाडाच्या पोटांत. रूप व स्थान या दोहोंची साक्ष जुळली, म्हणून ती भूचर ठरली. तिला आज डेंड्रोपूपा म्हणतात; म्हणजे झाडांतली पूपा. भूचर गोगलगायींच्या अत्यंत जुन्या पुराव्यांत तिची गणना होते. तें कवच नुसतें किनाऱ्यावरच्या दगडगोट्यांतून उचललें असतें, तर साक्ष अर्धीच राहिली असती.

तिसरा प्रश्न मीं मुळींच विचारला नाहीं. हा दगड कोणत्या थरांतला? वर्धा खोऱ्यांत कोळसा वालुकाश्म आणि मातकट पातळ पापुद्र्यांचे खडक यांच्यामध्यें असतो. परंतु त्या खोऱ्यांत कित्येक ठिकाणीं या सर्वांवर दख्खनच्या लाव्हाचे थर पसरले आहेत. एका लाव्हाचा लोट थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत मध्यें तळीं सांचत, त्यांत गोगलगायी नांदत, आणि तो गाळ पुढें दगड होई. उघडी खाण खणतांना कोळशावरचें सारें आवरण काढून ढिगांत टाकतात. ढिगांत मग कोट्यवधि वर्षांच्या अंतराचे दगड शेजारीं शेजारीं पडतात.

माझा दगड चकमकीसारखा कठीण आहे. कोळशाच्या सोबतच्या खडकांशीं त्याचें कांहींएक साम्य नाहीं. मग मीं कवच नीट पाहिलें. गोगलगायीचें टोंक वर आणि तोंड आपल्याकडे धरलें असतां बहुतेक जातींत तोंड उजव्या हाताला येतें. हिचें डावीकडे होतें! ही गोड्या पाण्यांतील डावखुरी फायसा होय, असें माझें मत झालें. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनीं लाव्हांमधील थरांतील शंखशिंपल्यांवर १८६० सालीं लेख प्रसिद्ध केला, त्यांत फायसा प्रिन्सेपी ही जात आहे. त्या लाव्हांचें वय सुमारें साडेसहा कोटी वर्षें. मीं एका वाक्यांत जवळ जवळ वीस कोटी वर्षांची चूक केली होती.

विद्यार्थ्याला पत्र लिहावयास मला चार दिवस लागले. चाळीस वर्षें फळ्यापुढें उभा राहिलेला मनुष्य. आपली चूक आपल्या हातानें लिहितांना लेखणी अडखळते. पण त्या मुलांच्या वहींत खोटें राहूं देणें त्याहून कठीण होतें. त्यानें पत्र वर्गांत वाचून दाखविलें. आतां तीं मुलें प्रत्येक दगडाला चिठ्ठी बांधतात असें तो कळवितो. कोणी आणला, कोठून, कोणत्या थरांतून.

मींही माझ्या दगडाला तशीच चिठ्ठी बांधली आहे. नांव लिहिलें आहे, खालीं "अनुमानानें" हा शब्द लिहिला आहे. "थर" या शब्दापुढील जागा मात्र कोरी ठेविली आहे. कारण हा दगड ढिगांतून उचललेला आहे.