डोळ्यांचे थेंब : औषध आणि विवेक
(आरोग्यविषयक व्याख्यानाचा गोषवारा)



प्रत्येक घराच्या कपाटात डोळ्यांच्या थेंबांची एखादी अर्धवट वापरलेली बाटली असतेच. घरात कोणाचा डोळा लाल झाला की तीच बाहेर काढली जाते. ही सवय वरकरणी काटकसरीची वाटते. परंतु प्रसंगी ती दृष्टीवर बेतू शकते.

डोळा लाल होण्याची कारणे अनेक आहेत. जिवाणूंमुळे डोळे आले असता पिवळसर अथवा हिरवट, दाट चिपडे येतात आणि सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात. विषाणूंमुळे आले असता पाणी अधिक वाहते, डोळे चुरचुरतात. ॲलर्जीत खाज प्रबळ असते. ही लक्षणे कित्येकदा एकमेकांत मिसळतात; म्हणून निदान डॉक्टरांनीच करावे. प्रतिजैविक अर्थात अँटिबायोटिक थेंब केवळ जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाहीत. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळ्यांची मोठी साथ पसरली. अशा साथी बहुधा विषाणूंच्या असतात. त्यांत स्वच्छता, विश्रांती आणि संयम हेच मुख्य उपचार ठरतात.

याचा अर्थ हे औषध कमी मोलाचे आहे असा नव्हे. खुपरी, म्हणजे ट्रॅकोमा, या जिवाणुजन्य रोगाने एके काळी देशातील असंख्य लोकांची दृष्टी हिरावली. त्याविरुद्ध १९६३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. प्रतिजैविक औषधे, चेहऱ्याची स्वच्छता, शुद्ध पाणी आणि शस्त्रक्रिया यांच्या जोडीने लढा चालला. अखेर ऑक्टोबर २०२४ मध्ये, सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून खुपरीचे उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. योग्य रोगावर योग्य औषध मिळाले तर काय साधते, याचे हे ठळक उदाहरण होय.

याउलट, दुकानातून परस्पर आणलेल्या काही थेंबांत प्रतिजैविकासोबत स्टिरॉइडही मिसळलेले असते. त्याने लाली झपाट्याने ओसरते आणि रोगी निर्धास्त होतो. मात्र शेतात उसाचे वा भाताचे पाते लागून बुबुळावर बुरशीची जखम झाली असेल, तर असे औषध ती अधिक खोल नेऊ शकते. साधे प्रतिजैविकही बुरशीवर निरुपयोगी असते. दीर्घकाळ स्टिरॉइड वापरल्यास काचबिंदू आणि मोतीबिंदू होण्याचा धोका असतो.

थेंब घालण्याचीही रीत आहे. प्रथम हात साबणाने धुवावेत. मान मागे झुकवून खालची पापणी हलकेच ओढावी आणि त्या खळग्यात एकच थेंब सोडावा. डोळ्यात त्याहून अधिक मावत नाही. उरलेले गालावर ओघळते. बाटलीचे टोक डोळ्याला अथवा बोटाला लागू देऊ नये. नंतर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटे दाबून धरावा. दुसरे औषध असल्यास पाच मिनिटांचे अंतर ठेवावे. बरे वाटू लागले तरी सांगितलेली मुदत पूर्ण करावी. उघडलेली बाटली साधारणतः चार आठवड्यांनंतर टाकून द्यावी. वेष्टनावर याहून कमी मुदत दिली असल्यास तीच पाळावी.

एकाच्या मापाचा सदरा दुसऱ्यास बसत नाही, तसेच एकाच्या डोळ्याचे औषध दुसऱ्यास लागू पडेलच असे नाही. बाटली, रुमाल आणि टॉवेल प्रत्येकाचा स्वतंत्र असावा. वेदना, उजेड सहन न होणे, अंधुक दिसणे अथवा बुबुळावर पांढरा ठिपका यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांचा डोळा लाल झाला किंवा नवजात बालकाचे डोळे चिकटू लागले, तरीही विलंब करू नये.

आज घरी गेल्यावर प्रत्येकाने कपाटातील ती जुनी बाटली शोधून बाहेर काढावी, एवढीच नम्र विनंती.